डाव्या बाजूची मूठ

कुठलीही गोष्ट नीट चालवायची तर आधी ती नीट बंद करता आली पाहिजे, या तत्त्वावर माझ्या भाऊजींइतकी श्रद्धा असलेला दुसरा माणूस अख्ख्या भिलाईत सापडायचा नाही. आणि जिथं घरटी एक माणूस यंत्रांच्या संगतीत म्हातारा होतो त्या भिलाईत सापडायचा नाही, म्हणजे तो पृथ्वीवर कुठंच नाही असं खुशाल समजावं. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. भंडाऱ्याकडच्या एका धानाच्या खेड्यातून त्यांचे वडील इथं मजुरीला आले, कॅम्प-१ या वस्तीत दोन खोल्या बांधून राहिले, आणि भाऊजी पोलादाच्या प्लांटच्या मेंटेनन्समध्ये लागले ते तिथूनच रिटायर झाले. निरोपाच्या दिवशी त्यांना हार, शाल आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घरी येऊन त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर त्या नव्याकोऱ्या घड्याळातला सेल काढला, ते उघडून पुसलं, आत थेंबभर तेल सोडलं, सेल परत बसवला आणि ताईला सांगितलं, की आता हे आपल्या जिम्मेदारीवर चालू झालं. तेव्हापासून ते घड्याळ जरा मागंच चालतं, पण भाऊजींच्या जिम्मेदारीवर चालतं.

प्लांटमध्ये एखादं यंत्र दुरुस्तीला घेतलं की त्याचा शटडाऊन घेतात. वीज तोडतात, आणि बटणावर एक लाल टॅग टांगतात; म्हणजे आत माणूस काम करतो आहे, कोणी चालू करू नये. हा टॅग ज्यानं लावला त्यानंच काढायचा असतो. कितीही मोठा साहेब आला तरी दुसऱ्याच्या टॅगला हात लावू शकत नाही. या एका नियमानं कितीतरी लोक संध्याकाळी धडधाकट घरी परतले आहेत, त्यामुळे त्याची थट्टा करण्याची माझी हिंमत नाही. पण भाऊजींनी तो नियम घरी आणला. बुटांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून, लाल रंग फासून, वर पांढऱ्या अक्षरांत ‘काम चालू आहे, हात लावू नये’ असं लिहून त्यांनी टॅगांची एक माळच तयार केली, आणि मग घरातली एकेक वस्तू शटडाऊनवर जायला लागली. मे महिन्याच्या भर दुपारी त्यांनी छताच्या पंख्याचा शटडाऊन घेतला, बटणावर टॅग लावला आणि ग्रीस आणायला पावर हाउस नावाच्या भागातल्या बाजारात गेले. तिथं जुना सोबती भेटला, तो त्यांना लांब जामुलला आपलं नवं घर दाखवायला घेऊन गेला. इकडे ताई, तिच्या सासूबाई आणि जेवायला बोलावलेला मी, तिघंही वर्तमानपत्रांनी वारा घेत त्या बटणाकडे बघत बसलो होतो. पंखा धडधाकट होता, वीज होती, बटण हाताच्या अंतरावर होतं. पण उठून ते दाबायचं धाडस कोणाला झालं नाही. भाऊजी ऊन उतरल्यावर आले ते ग्रीस विसरून.

कामाला हात घालण्याआधी ते सगळ्यांना जमवून धोके समजावून सांगत. बल्ब बदलायचा असला तरी घरातल्या माणसांनी ओळीत उभं राहायचं, पायांत चप्पल असायची, आणि कोण काय पकडणार हे आपल्या तोंडानं बोलून दाखवायचं. फळीवरचा पापडांचा डबा काढायला ते स्टुलावर चढत तेव्हा डोक्यावर मोटरसायकलचं हेल्मेट असे. त्यांची भाषाही तशीच झालेली. ताई चिडली की ते मला हळूच सांगत, "सालेसाहेब, आज प्रेशर जास्त हाये, जपून." मी बायकोचा भाऊ, त्यातून धाकटा, तेव्हा त्यांनी मला काहीही म्हणावं, पण ‘सालेसाहेब’ ही पदवी ते इतक्या अदबीनं उच्चारत की ऐकणाऱ्याला मी एखाद्या खात्याचा अधिकारी वाटावा. शिवाय ते पडले घरचे जावई. आमच्याकडे जावयाला नाही म्हणायची पद्धत नसल्यानं माझ्याही घरची शिलाई मशीन, कुकर आणि एकदा ऐन पाहुण्यांच्या गर्दीत संडासाचं दार, हे सगळं त्यांच्या टॅगखालून जाऊन आलं आहे.

मोटरसायकल मात्र त्यांचा जीव. प्लांटमध्ये पहिल्या पाळीला जायचे तेव्हापासूनची ही गाडी, चार वेळा रंगवलेली, आणि तिच्यावर मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली माझी ताई हे कॅम्प-१ मधल्या लोकांच्या नजरेत इतकं बसलेलं दृश्य, की भाऊजी एकटे दिसले तर दुकानदार विचारत, मॅडम कुठं उतरल्या. त्या गाडीच्या हँडलच्या दोन्ही रबरी मुठी पार गेल्या होत्या. उजवी घासून गुळगुळीत झालेली, डावी टोकाला फाटून आतली नळी उघडी पडलेली. उन्हाळ्यात ती नळी तापली की चटका बसे, म्हणून ताईनं तिला जुन्या पातळाची पट्टी गुंडाळून दिली होती. बाजारात याला ‘ग्रिप’ म्हणतात, मेकॅनिक म्हणतो, आम्ही सगळे म्हणतो. भाऊजी म्हणत ‘मूठ’. नांगराची असते ती मूठ, मग हिची काहून नाही, असा त्यांचा सवाल. बापानं नांगर धरला, मी हँडल धरलं, असं ते सांगत तेव्हा त्यांचा चेहरा जरा वेगळा होई, आणि आम्हीही मग त्यांच्यासमोर मूठच म्हणत असू.

तर या मुठी बदलायला ते कित्येक वर्षं तयार नव्हते. ताई सांगून थकली. मग एक दिवस आपणहून म्हणाले, की डावी मूठ फार घसरून राहिली, क्लच दाबताना हातातून निसटते. आम्हाला आनंद झाला. तेव्हा घसरत होती ती मूठ की त्यांचा हात, हे आता मनात येतं. त्या वेळी कोणाच्या का येणार होतं?

रविवारी सकाळी अंगणात शटडाऊन लागला. आरशाच्या दांडीवर लाल टॅग, खाली वर्तमानपत्र, त्यावर ब्लेड, पान्हा, साबणाच्या पाण्याची वाटी आणि नव्या मुठींची जोडी. धोके समजावून झाले. उजव्या बाजूची मूठ जरा मोठ्या भोकाची असते, कारण तिच्या आत अॅक्सिलेटरची नळी फिरते; ती डावीकडे बसवली तर सैल पडेल, हे त्यांनी मला तीनदा सांगून माझ्याकडून वदवून घेतलं. मग ब्लेडनं जुनी उजवी मूठ उभी चिरून सोलून काढली, नळी पुसली, नवीन मूठ आतून साबणाच्या पाण्यानं ओली केली आणि पिळत पिळत आत ढकलली. काम झकास झालं. डावीकडची जुनी मूठही निघाली, आणि तेवढ्यात ताईनं चहा आणला. भाऊजींनी डाव्या हातानं कप घेतला आणि तो सरळ खाली पडला. त्यांनी फुटलेल्या कपाकडे पाहिलं नाही. आपल्या हाताकडे पाहत राहिले, आणि जड जिभेनं मला म्हणाले, "सालेसाहेब, डावी बाजू ट्रिप झाली."

चालतं यंत्र आपोआप बंद पडलं की प्लांटमध्ये ‘ट्रिप झालं’ म्हणतात. मी शहाण्यासारखं मोटरसायकलच्या डाव्या बाजूकडे पाहिलं. ताईनं नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि ती तशीच अनवाणी रिक्षा आणायला धावली. तिच्या त्या धावण्यामुळे भाऊजी वेळेत हॉस्पिटलात पोचले, असं डॉक्टर नंतर म्हणाले. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. जीव वाचला, डावा हात आणि डावा पाय लुळे पडले, आणि बोलणं तोंडात घास असल्यासारखं झालं.

शुद्धीवर आल्यावर ते काय बोलतात इकडे सगळ्यांचे कान लागले होते. त्यांच्या आई, आम्ही सगळे त्यांना मायच म्हणतो, उशाशी बसून होत्या. भाऊजींनी डोळे उघडले, बरीच खटपट केली आणि म्हणाले, "मूठ." माय दचकल्या. आमच्याकडे, म्हणजे तिकडे भंडाऱ्याच्या बाजूला आणि इकडे छत्तीसगढमध्येही, जुन्या माणसांसमोर मूठ म्हणजे मंत्र घालून दुरून कोणावर तरी सोडलेली करणी. मायनी विचारलं, कोणती मूठ रे बापा? भाऊजींनी जीव एकवटून सांगितलं, "डावी." आता याहून वाईट उत्तर असूच शकत नव्हतं. आणि एवढ्यावर न थांबता त्यांनी धड असलेला उजवा हात वर केला, घट्ट मूठ वळली आणि मायच्या डोळ्यांसमोर ती पिळून दाखवली.

मायची खात्रीच पटली. "मुठीनंच धरलं माह्या पोराले," त्या मला बाहेर ओढून म्हणाल्या, "तोच सांगून राहिला ना, तुमी डॉक्टरचं काय घेऊन बसले." मग कोणी सोडली याचा शोध सुरू झाला आणि संशय गेला तो शेजारच्या छत्तीसगढी भैयाजींवर. भैयाजींचा गुन्हा असा, की त्यांच्या अंगणात लिंबाचं झाड आहे आणि त्याच रविवारी सकाळी ते पिशवीभर लिंबं देऊन गेले होते. करणी म्हटली की लिंबू आलंच, आणि इथं तर पिशवी भरून आलेली. बिचारे भैयाजी रोज संध्याकाळी हॉस्पिटलात येत, दाराशी उभे राहून हात जोडत, आणि ताईला न चुकता म्हणत, "भाभी, लिमऊ अउ लागही त बताहू." आणखी लिंबं लागली तर सांगा, एवढाच त्याचा अर्थ, पण प्रत्येक वेळी माय पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळत. शेवटी ताईनं त्याच लिंबांचं सरबत केलं, एक पेला भैयाजींना दिला, एक स्वतः प्यायली आणि एक सासूबाईंच्या हातात ठेवून तो संपेपर्यंत समोरून हलली नाही. शेजाऱ्याबद्दल पुन्हा असं बोलायचं नाही, हेही तिनं सांगितलं. आवाज चढवला नाही, पण मायनी पुन्हा तो विषय काढला नाही.

भाऊजी मात्र मूठ म्हणायचे थांबेनात. एके दुपारी मी आणि ताई दोघंच त्यांच्याजवळ होतो. त्यांनी पुन्हा तो उजवा हात पुढं धरला, पुन्हा मूठ पिळली, आणि या वेळी वाकड्या ओठांतून ‘भुर्र’ असा काहीतरी आवाज काढला. थुंकी उडाली. ताई त्यांच्याकडे बघत राहिली, आणि एकदम पदर तोंडात कोंबून हसायला लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. हसता हसता रडली. म्हणाली, "अरे, गाडीची मूठ मागून राहिले ते. डावी बसवायची राहिली ना." भाऊजींनी डोळे मिटले आणि मान खाली-वर केली. कुणीतरी अखेर मराठी समजणारं भेटलं, असा भाव होता त्या चेहऱ्यावर.

मी घरी गेलो. अंगणात गाडी तशीच उभी होती, एका हाताला नवं रबर, दुसऱ्या हाताला नागडी नळी, आणि आरशावर लाल टॅग. वर्तमानपत्रावरची मूठ उचलली आणि गाडीला धक्का लागणार नाही अशा बेतानं परत फिरलो. त्या दिवसापासून ती काळी रबरी मूठ भाऊजींच्या डाव्या हातात आली. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी दाबायला पिवळा मऊ चेंडू दिला होता; तो भाऊजींनी पोट्ट्यांचं खेळणं म्हणून बाजूला सारला आणि मूठ दाबायला घेतली. दाबायला म्हणजे काय, सुरुवातीला ताई त्यांची बोटं एकेक करून तिच्यावर वळवून ठेवी आणि ती एकेक करून गळून पडत.

घरी आल्यावर माय मागं लागल्या, की ती गाडी कोणाला तरी देऊन टाका, आता कोण चालवणार आहे. मलाही अंगणातली ती अर्धवट गाडी बघवत नव्हती. मी ताईला म्हटलं, निदान नवीन मूठ आणून मी बसवून टाकतो, टॅग काढू दे. ताई तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "त्यायचा टॅग हाये. तेच काढतीन." ती असं म्हणाली आणि मला कळलं, की या घरात आता वाट कशाची बघायची आहे. भाऊजी पुन्हा चालतील, बोलतील, हे डॉक्टर सांगत होते. पण ती मूठ स्वतःच्या हातानं बसवून ते तो टॅग काढतील तेव्हाच ताई त्यांना परत आले म्हणणार होती. त्याआधी नाही.

हिवाळा आला. पाय काठीवर उभा राहिला, जीभ बरीच सुटली आणि तिच्याबरोबर धोके समजावणंही परत आलं. हातात जोर यायला लागला, पण एक नवीनच भानगड झाली: बोटं मुठीवर वळायची आणि मग उघडायचीच नाहीत. ताईनं सोडवावी तेव्हा सुटायची. डॉक्टरांनी हात कसा आहे विचारलं तेव्हा भाऊजी गंभीरपणे म्हणाले, "प्रेशर बनून राहिलं साहेब, पण व्हॉल्व्ह उघडत नाही." डॉक्टर भिलाईचेच, त्यामुळे त्यांना वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

अशाच एका थंडीच्या सकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं. अंगणात वर्तमानपत्र, साबणाच्या पाण्याची वाटी, आणि ती, दाबून दाबून मऊ पडलेली मूठ. आम्हाला ओळीत उभं करून त्यांनी हळूहळू शब्द जुळवत सगळे धोके सांगितले. मायच्या हातात वाटी दिली. मला काम काहीच दिलं नाही. मूठ नळीच्या तोंडाशी लावली आणि डाव्या हातानं ढकलायला लागले. उजवा हात त्यांनी मुद्दाम पाठीमागं ठेवला होता. थोडी आत गेली आणि अडकली. ते थांबले, दम घेतला, पुन्हा जोर लावला. डावा खांदा थरथरायला लागला, गळ्याच्या शिरा फुगल्या. मी नकळत पुढं सरकलो तर ताईनं माझी बाही धरली आणि सोडलीच नाही. माय साबणाच्या पाण्याकडे बघत काहीतरी पुटपुटत होत्या. आणि मग ती मूठ पिळत, अडत, कुरकुरत टोकापर्यंत गेली. जरा तिरकी बसली. रबरावरच्या रेघा सरळ यायला हव्या होत्या त्या वाकड्या आल्या. मी तेवढं फिरवून देतो म्हटलं, तर भाऊजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मागं झालो.

हात अर्थातच मुठीवरून सुटला नाही. ताई सवयीनं पुढं झाली आणि करंगळी सोडवायला वाकली. "राहू दे," भाऊजी म्हणाले. "धरली हाये तं धरू दे थोडा वेळ." त्यांनी उजव्या हातानं आरशावरचा टॅग काढला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. ताई तिथंच, त्यांच्या शेजारी, गाडीला टेकून उभी राहिली. तिला रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही.

त्यानंतर रोज संध्याकाळी ती दोघं फिरायला जातात. गाडी मोठ्या स्टँडवर, अंगणातच. भाऊजी पुढं, ताई मागं एका बाजूला पाय सोडून. भाऊजी क्लच दाबतात, सोडतात, गिअर टाकल्यासारखं करतात आणि कुठं पोचलो ते सांगतात. पावर हाउस आलं की ताई म्हणते, थांबा, भाजी घेऊ. मग ती उतरून स्वयंपाकघरात जाते आणि भाजीची परडी घेऊन येऊन पुन्हा मागं बसून शेंगा सोलते. भैयाजी कुंपणापलीकडून विचारतात, आज कुठवर? एकदा ते जामुलपर्यंत जाऊन आले, त्या दिवशी स्वयंपाकाला उशीर झाला. मी पाहतो आणि हसतो, आणि कधी कधी मला तिथं बघत उभं राहवत नाही. डॉक्टर म्हणतात, घाई नको. पण त्यांनी नाही म्हटलेलं नाही.

काल संध्याकाळी ताईचा फोन आला. आवाज कुजबुजल्यासारखा. मी घाबरलो, काय झालं विचारलं. म्हणाली, कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवरून बोलून राहिली मी. खरंच गाडी घेऊन आलो. इंजिन चालू करून, पहिल्या गिअरमध्ये. भाऊजी गाडीवर, ती बाजूनं चालत होती. त्यांचा हात क्लचवरून इतका हळू सुटला, की गाडी कधी पुढं निघाली ते तिलाही कळलं नव्हतं. मी म्हटलं, बरं, मग आता घरी कसे जाणार? मी येऊ का?

"नको येऊ," ताई म्हणाली. "थांबायले क्लच दाबला, तो हात काही सुटून नाही राहिला. मी सोडवून देते म्हटलं, तं म्हणतात, घाई कायची हाये. चहा सांगितला. उभे आहो आमी दोघं. सुटन हळूहळू."